छातीची पट्टी (ईसीजी) काढायला चालले? आधी या चुका पाहून घ्या

धडधड झाली मंगळवारी रात्री अन् पट्टी काढली शनिवारी, कारण शनिवारी तालुक्याला बाजार होता, तसंही जाणं होतंच. गावाकडं ईसीजीच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक हीच होते, बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच मागून येतात.

हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा ठोके देते. मशीन त्यातले कागदावर घेते किती, तर दहा सेकंदांचे, म्हणजे बारा-तेरा ठोके. ठोक्यांची गडबड बऱ्याच लोकांना येऊन-जाऊन असते, पंधरा मिनिटं राहिली की गायब, मग आठ दिवस काहीच नाही. त्यामुळं शनिवारची पट्टी नॉर्मल आली याचा अर्थ शनिवारी साडेअकराला ठोके बरोबर होते, एवढाच. मंगळवारी रात्री काय झालं होतं ते त्या कागदाला माहीतच नाही. पण घरी येऊन माणूस काय सांगतो, "काही नाई निंघालं बाप्पा, गॅस होती." अन् मग ती पट्टी दोन-दोन वर्षं सर्टिफिकेटसारखी दाखवली जाते.

म्हणून धडधड चालू असतानाच पट्टी निघेल असं पाहा. त्या वेळी चांगला दवाखाना, मोठा डॉक्टर शोधत बसू नका, जिथं मशीन जवळ आहे तिथं जा, वाचायला मोठा डॉक्टर नंतरही भेटते. उपकेंद्रात मशीन सहसा नसतेच. प्राथमिक आरोग्य केंद्रात कुठं असते, कुठं असून बंद पडलेली असते, कुठं रोल संपलेला असतो, तर हे आशा ताईला किंवा सिस्टरला सवडीनं आधीच विचारून ठेवा, रात्री अकराला विचारायची गोष्ट नाही ती. ग्रामीण रुग्णालयात संध्याकाळनंतर पट्टी कोण काढते हेही तेव्हाच विचारा.

पोचणं जमतच नसेल, गाडी नाही, पावसात नाल्याला पूर आहे, तर निदान नाडी मोजा. अंगठ्याच्या खालच्या बाजूला मनगटावर तीन बोटं ठेवायची, अंगठ्यानं मोजायची नाही कारण अंगठ्याची स्वतःचीच नाडी लागते. घड्याळ पाहून पूर्ण एक मिनिट मोजा. बसलेल्या माणसाची 60 ते 100 असते, मेहनतीच्या माणसाची पन्नास-पंचावन्नही असू शकते. पण आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे ठोके सारख्या अंतरानं पडतात का कसेही पडतात. धडधड हळूहळू वाढली का एकदम चालू होऊन एकदमच थांबली, तेव्हा बसले होते का डवरणी चालू होती, डोळ्यापुढं अंधारी आली का, हे कागदावर लिहून ठेवा. डॉक्टरला नुसतं "कसंतरीच होते साहेब" सांगितलं तर तो तरी काय करणार, पण "नाडी एका मिनिटात 160 होती, वीस मिनिटं राहिली, एकदमच बंद झाली" सांगितलं तर अर्धं काम तिथंच होते.

नाडी कशीही, बिलकुल ताल नसल्यासारखी लागली तर तिला हलकं घेऊ नका. एट्रियल फिब्रिलेशन नावाचा प्रकार तसा असतो. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गाठ व्हायची भीती असते अन् ती गाठ मेंदूत गेली तर लकवा. लकव्याचा धोका या लोकांना साधारण पाचपट असतो. लहानपणी घसा दुखून सांधे सुजले होते, नंतर हृदयाचा व्हॉल्व खराब निघाला, अशा बाया आपल्याकडं आहेत, त्यांनी तर जास्तच लक्ष द्यावं. कितीतरी लोकांना हे लकवा मारल्यावरच माहीत पडते, कारण त्यांना धडधड जाणवतच नाही, नुसता थकवा, "वावरात आता पह्यल्यासारखं जमत नाई." साठीच्या वरच्या माणसाची नाडी घरच्यांनी मधूनमधून पाहिली तर काही बिघडत नाही, फुकटचं काम आहे.

आता एक गोष्ट वेगळी काढून सांगतो, कारण इथं वाट पाहणं जिवावर बेतते. छातीवर दाबल्यासारखं दुखते, घाम फुटला, दुखणं डाव्या हातात नाहीतर जबड्यात जाते, दम लागला, किंवा माणूस बेशुद्ध पडून उठला, तर नाडी मोजत, सोडा-लिंबू पाजत बसायचं नाही. 108 ला फोन करा नाहीतर जी गाडी भेटेल ती घ्या, त्याला स्वतः मोटारसायकल चालवू देऊ नका. बेशुद्ध पडलेल्याला आपल्याकडं "ऊन लागलं असन" म्हणून कांदा हुंगवतात अन् पाच मिनिटांनी तो उठून बसते, म्हणून दवाखाना राहून जाते. कधी ते ऊनच असते, पण कधी ठोके मध्येच थांबलेले असतात, अन् बाहेरून दोन्ही सारखंच दिसते. अन् हे पक्कं लक्षात ठेवा की हार्ट अटॅकमध्ये पहिली पट्टी नॉर्मल येऊ शकते. दुखणं चालू आहे अन् पट्टी साफ आली तर उठून घरी यायचं नाही, थोड्या वेळानं परत काढायला सांगा, हृदयाला मार लागला का ते दाखवणारी रक्ताची ट्रोपोनिन तपासणी होते का तेही विचारा.

टेबलावर होणाऱ्या चुका

हे छोटं वाटते पण पट्टी इथंच जास्त बिघडते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर, माणूस एसटी नाहीतर काळी-पिवळीतून कोंबून आलेला, पाणी प्यायला नाही, अन् आल्या-आल्या टेबलावर लोळला. नाडी 110 येणारच ना. दहा मिनिटं पंख्याखाली बसा, पाणी प्या. आधीच्या अर्ध्या तासात खर्रा नको, बिडी नको, कडक चहाही नको, तंबाखूनं ठोके वाढतात. (खर्रा गालात ठेवूनच टेबलावर झोपणारे महाभाग आहेत, सिस्टरला विचारा.) बाकी उपाशी राहायची गरज नाही, जेवून गेलं तरी चालते, ते रक्त तपासणीचं अन् याचं लोक एकत्र करून टाकतात.

आंघोळीनंतर छातीला खोबरेल तेल, पावडर लावून जाऊ नका, पट्टीसाठी छातीला लावायचे रबरी बल्ब चिकटत नाहीत, निसटतात. छातीवर दाट केस असतील तर सिस्टर थोडी जागा साफ करायला सांगेल, लाजू नका. हातापायाला चार क्लिपा अन् छातीला सहा बल्ब, अशा दहा जागा नीट लागल्या तरच बारा बाजूंचं चित्र बरोबर येते. उजव्या हाताची लाल अन् डाव्या हाताची पिवळी क्लिप अदलाबदल झाली तर चांगल्या माणसाची पट्टीही बिघडलेली दिसते, गर्दीच्या शिबिरात हे होऊ शकते. थंडीत कुडकुडत असाल तर चादर मागा, थरथर कागदावर उतरते अन् ठोक्यांची गडबड असल्यासारखी दिसते. टेबलाला लागून कूलर घरघरत असेल, अर्थिंग खराब असेल, तर रेघ जाड, केसाळ येते. तशी आली तर "परत काढता का" म्हणायला हरकत नाही, कागदाशिवाय काही जात नाही त्यात.

बायांचं वेगळं. पोलक्यावरून बल्ब लावता येत नाहीत, अन् संकोचानं वर-वर कुठंतरी लावले तर पट्टी चुकते. पडदा मागा, सिस्टरलाच लावू द्या म्हणा, हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही. "मले काई नाई, यायचीच काढा" म्हणून नवऱ्याला पुढं करणाऱ्या काकूंना तर हे खासच सांगणं, कारण बायांमध्ये अटॅकच्या वेळी छाती न दुखता नुसता दम, मळमळ, पाठ दुखणं असंही असते.

उठायच्या आधी कागदावर नाव, वय, तारीख, वेळ पाहून घ्या, अन् धडधड चालू होती का नव्हती हे पेनानं लिहून घ्या. शिबिरात एकाची पट्टी दुसऱ्याच्या फायलीत जायला वेळ लागत नाही.

वरची इंग्रजी ओळ वाचून घाबरणं

कागदाच्या वर मशीन स्वतःच काहीतरी छापते. त्यात ॲबनॉर्मल शब्द दिसला की फोटो काढून व्हॉट्सॲपवर, पुण्याच्या भाच्याला, नागपूरच्या जावयाला, अन् घरात रडारड. मशीनचा अंदाज डॉक्टरनं पाहिल्याशिवाय काही कामाचा नाही. सायनस अरिदमिया लिहिलेलं असलं तर तरुण पोरांत ते बहुतेक वेळा श्वासाबरोबर होणारं नेहमीचंच असते, त्यावरून कोणाच्या पोलीस भरतीचं टेन्शन घेऊ नका. उलटंही होते बरं, मशीन नॉर्मल छापते अन् डॉक्टरला त्यात काहीतरी सापडते.

बंडल ब्रांच ब्लॉक वाचून तर लोक थेट "किती टक्के ब्लॉकेज, अँजिओप्लास्टी लागन का" इथं पोचतात. विहिरीवरचा मोटरपंप डोळ्यापुढं आणा, पाइप वेगळा अन् वायरिंग वेगळं. हा ब्लॉक वायरिंगमधला आहे, रक्ताच्या नळीतला नाही. तसंच ईसीजी साफ आला म्हणजे नळ्या साफ आहेत असंही नाही, त्याच्या तपासण्या वेगळ्या.

होल्टर लावून बाजेवर झोपणं

साध्या पट्टीत सापडत नाही अन् त्रास तर होतोच, तेव्हा डॉक्टर होल्टर सांगतात, छातीला स्टिकर अन् कमरेला छोटी डबी, 24 ते 48 तास सगळे ठोके त्यात जमा होतात. सेवाग्राम, सावंगी, नागपूर, अमरावती, अकोला असं कुठंतरी जावं लागते त्यासाठी. आता एवढं भाडं खर्चून, एवढे पैसे भरून माणूस करते काय, तर डबी बिघडेल या भीतीनं दिवसभर बाजेवर पडून राहते, अन् घरचेही ग्लास हातात आणून देतात. मग त्यात येणार काय? धडधड ज्या कामानं होते तेच काम करा. चाला, पायऱ्या चढा, रोजचं करा. फक्त आंघोळ नको, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. त्रास झाला की डबीवरचं बटन दाबायचं अन् वेळ लिहायची, लिहिता येत नसेल तर नातवाला लिहायला लावा. घामानं स्टिकर सुटतात, दोन-चार जास्तीचे मागून घ्या. अन् शेवटची एसटी चुकेल म्हणून चार तास आधी डबी काढून देऊ नका, नातेवाइकाकडं मुक्कामाची सोय करूनच जा.

हातातल्या घड्याळाचं थोडक्यात. मागं नुसता हिरवा लाइट असलेलं घड्याळ ठोके मोजते, ईसीजी काढत नाही. काही स्वस्त घड्याळं तर गुंडाळलेल्या टॉवेललाही ठोके दाखवतात. महागड्यांमध्ये एका बाजूचा ईसीजी निघतो, त्यात फिब्रिलेशन सापडू शकते पण अटॅक सापडत नाही.

औषधं अन् फवारणी लपवणं

सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या. लघवी वाढवून सूज उतरवायच्या गोळीनं पोटॅशियम कमी होते अन् ठोके बिघडू शकतात, दम्याच्या पंपानं ठोके वाढतात, बीपीच्या काही गोळ्यांनी कमी होतात. पण पट्टी चांगली यावी म्हणून मनानं गोळी बंद करणं हे सगळ्यात वाईट, तसं कोणी सांगितलं तरी करू नका. फवारणी करून आला असाल तर ते पहिल्या वाक्यात सांगा अन् औषधाचा डबा नाहीतर त्याच्या लेबलचा फोटो सोबत ठेवा. काही कीटकनाशकांनी घाम, लाळ सुटून नाडी मंद होते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कास्तकार गेले ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं आहे, लपवून काय भेटणार.

धडधड दरवेळी हृदयाचीच असते असंही नाही. आपल्याकडच्या बायापोरींत रक्त कमी असणं खूप आहे, गडचिरोली-चंद्रपूरकडं सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे, अन् रक्त कमी पडलं की हृदय जास्त पळते. पट्टीसोबत हिमोग्लोबिन अन् थायरॉईड करायचं का हे डॉक्टरला विचारा.

अन् पट्टी सांभाळायची कशी? जुनी पट्टी सोबत असली तर नवीन काय बिघडलं ते डॉक्टरला लगेच कळते, म्हणून ती फेकायची नाही. पण तो थर्मल कागद असतो, टिनाच्या घरात पत्र्याच्या पेटीत ठेवला की उन्हाळ्यात रेघा उडतात. काही लोक हौसेनं लॅमिनेशन करून आणतात अन् गरम रोलरमधून अख्खा कागद काळा होऊन बाहेर येते. त्यापेक्षा त्याच दिवशी झेरॉक्स काढा, उजेडात सपाट ठेवून मोबाइलमध्ये एक फोटो घ्या, अन् झेरॉक्सवर नाव, तारीख, वेळ नीट उमटली का तेवढं दुकानातच पाहून घ्या.