एरोस्पेसमध्ये कंपनी-युनिव्हर्सिटी टाय-अप: नवीन येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

एरोस्पेसला येणारी मुलं हल्ली पहिला प्रश्न हाच विचारतात, की मोठ्या कंपनीशी टाय-अप असलेल्या युनिव्हर्सिटीतच जाऊ का. मी स्वतः अशा प्रोग्रॅममधून शिकलेय, मास्टर्सचं प्रोजेक्ट कंपनीने पैसे दिलेल्या लॅबमध्ये केलं आणि आता कंपनीच्या बाजूने स्टुडंट टीम्सच्या रिव्ह्यूला बसते, म्हणजे दोन्हीकडचं बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टाय-अप टाय-अपमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. काही ठिकाणी एमओयूवर, म्हणजे सामंजस्य करारावर, सह्या होतात, वर्षातून एक गेस्ट लेक्चर होतं आणि विषय संपतो. याच्या दुसऱ्या टोकाला रोल्स-रॉइससारखं मॉडेल आहे, त्यांनी १९९० पासून युनिव्हर्सिटी टेक्नॉलॉजी सेंटर्स उभी केली, तिथे एकेका सेंटरकडे एकेक विषय असतो, कुठे कंबशन, कुठे नॉइज, कुठे मटेरियल्स, आणि त्या एकाच विषयावर वर्षानुवर्षं पीएचडीची मुलं आणि कंपनीचे इंजिनिअर मिळून काम करतात. इंग्लंडमधल्या शेफील्ड युनिव्हर्सिटीचं एएमआरसी हे मॅन्युफॅक्चरिंग रिसर्च सेंटर २००१ मध्ये बोइंगच्या साथीने सुरू झालं, तिथला भर मशिनिंग आणि मॅन्युफॅक्चरिंगवर, आणि तिथे अप्रेंटिससुद्धा तयार होतात. अमेरिकेतल्या विचिटा स्टेट युनिव्हर्सिटीचं एनआयएआर हे एव्हिएशन रिसर्च सेंटर १९८५ चं, आजूबाजूला विमान कंपन्या आणि मध्ये युनिव्हर्सिटी, त्यामुळे मुलं शिकता शिकता खऱ्या टेस्टिंगच्या कामात असतात. रिसर्च करायचाय की शॉप फ्लोअरवर उतरायचंय की टेस्टिंगमध्ये जायचंय हे आधी स्वतःशी ठरवा, कारण कंपनीचं नाव तेच असलं तरी हातात पडणारं काम अगदी वेगळं असतं.

आता तिथे नेमकं काय शिकायला मिळतं ते सांगते, कारण ते ब्रोशरमध्ये येत नाही. आमच्या लॅबमध्ये कार्बन फायबरच्या प्रीप्रेगचे लॅमिनेट, म्हणजे थरावर थर लावलेल्या पाट्या, बनवून त्याचे कूपन, म्हणजे टेस्टच्या छोट्या पट्ट्या, तोडायचं काम होतं. प्रीप्रेग म्हणजे रेझिन आधीच भरलेलं कापड, ते साधारण उणे १८ डिग्रीला फ्रीझरमध्ये ठेवतात, आणि बाहेर काढलं की पूर्ण रूम टेम्परेचरला येईपर्यंत सीलबंद पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कापडावर हवेतली वाफ बसते आणि पुढे क्युअर करताना, म्हणजे तापवून रेझिन घट्ट करताना, त्याच ओलाव्याचे आत व्हॉइड्स, म्हणजे पोकळ्या, होतात. रोल किती तास बाहेर राहिला ते प्रत्येक वेळी लिहायचं, कारण बाहेर असेल तेवढा वेळ रेझिनचं आयुष्य कमी होत असतं. पहिल्या रिव्ह्यूला कंपनीचे सीनिअर इंजिनिअर आले, आम्ही ग्राफ, स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह सगळं नीट मांडून ठेवलं होतं. त्यांनी आधी फ्रीझरचा लॉग मागितला. बॅच नंबर, आउट-टाइम, लेअप म्हणजे थर लावायचं काम कोणी केलं, ऑटोक्लेव्ह या दाबाच्या भट्टीचा चार्ट, हे सगळं बोट ठेवून वाचलं आणि मग ग्राफकडे वळले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, हा आकडा कुठल्या मटेरियलमधून आला हे मागेपर्यंत दाखवता येत नसेल तर तो आकडा विमानात वापरता येणार नाही. डिझाइनला बी-बेसिस व्हॅल्यू घेतात, म्हणजे किमान ९० टक्के मटेरियल त्या आकड्याइतकं किंवा त्याहून मजबूत भरेल असं ९५ टक्के खात्रीने म्हणता आलं पाहिजे, आणि ती खात्री वेगवेगळ्या बॅचच्या टेस्टमधूनच येते. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरला हे सगळं होतंच हो, पण त्या फ्रीझरपाशी उभं राहून ते जसं डोक्यात बसलं तसं वर्गात कधी बसलं नव्हतं.

माझ्या मते टाय-अपची खरी कमाई हीच. लिमिट लोडला, म्हणजे वापरात येऊ शकणाऱ्या जास्तीत जास्त लोडला, १.५ ने गुणून अल्टिमेट लोड काढणं कुठल्याही कॉलेजात शिकवतात, पण त्या लोडला पार्ट टिकतो हे तिसऱ्या माणसाला कागदावर पटवून देणं हे कंपनीचा माणूस समोर बसल्याशिवाय येत नाही. म्हणून चौकशी करताना पॅकेज आणि प्लेसमेंटच्या आधी हे विचारा की पीडीआर आणि सीडीआरला, म्हणजे डिझाइनच्या दोन मोठ्या रिव्ह्यूंना, कंपनीचं कोणी बसतं का, ते लेखी कमेंट देतात का, मुलांना खरा पार्ट किंवा खरा डेटा मिळतो का. सीनिअर्सना गाठून विचारा, ते खरं काय ते सांगतात.

बॅचलर्सला असाल आणि असली लॅब जवळपास नसेल तरी अडून राहू नका. डिझाइन/बिल्ड/फ्लाय ही एआयएए या अमेरिकन एरोस्पेस संस्थेची विमान बनवून उडवायची स्टुडंट स्पर्धा १९९६-९७ पासून चालू आहे आणि तिच्यामागे विमान कंपन्याच आहेत. क्यूबसॅट हा छोटा सॅटेलाइटसुद्धा १९९९ मध्ये कॅल पॉली आणि स्टॅनफर्डच्या प्रोफेसरांनी मुलांना डिग्री संपायच्या आत सॅटेलाइट बनवता यावा म्हणूनच मांडला, १० सेंटीमीटरचा ठोकळा. अशा टीममध्ये घुसा आणि तिथे स्ट्रक्चर किंवा एरोवरच सगळे तुटून पडतात, तुम्ही टेस्ट प्लॅन किंवा रिक्वायरमेंटचं काम मागून घ्या. मी रिव्ह्यूला बसते तेव्हा ते काम केलेली मुलं दोन प्रश्नांत ओळखू येतात.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. एक म्हणजे एक्सपोर्ट कंट्रोल. अमेरिकेत आयटीएआर, म्हणजे संरक्षण तंत्रज्ञान बाहेर देण्यावरचे नियम, याखाली येणारी प्रोजेक्ट्स बहुतेक तिथले नागरिक किंवा पर्मनंट रेसिडेंट यांनाच मिळतात, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्याने फक्त टाय-अप बघून युनिव्हर्सिटी निवडली तर आत गेल्यावर त्या लॅबचं दार बंद असू शकतं. अर्ज करायच्या आधीच प्रोफेसरांना मेल टाका की माझ्या नागरिकत्वावर या लॅबमधली कुठली प्रोजेक्ट्स खुली आहेत. ते आनंदाने सांगतात, रोजचाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी.

दुसरी म्हणजे एनडीए, कंपनीची माहिती बाहेर न सांगण्याचा करार. सही करायच्या आधी थीसिस कधी पब्लिश करता येईल, कंपनी किती दिवसांत तो तपासून परत देणार आणि पेटंट निघालं तर त्यात तुमचं नाव राहणार का, हे गाइडसोबत बसून वाचून घ्या. कंपनीने मध्येच प्रायॉरिटी बदलली आणि फंडिंग थांबलं तर डिग्रीचं काय, हेही तेव्हाच विचारा, तसं होतं. इंटरव्ह्यूत मग पार्टचं नाव, आकडे काहीच सांगता येत नाहीत, पण रिक्वायरमेंट कशी लिहिली, टेस्ट फेल झाल्यावर कारण कसं शोधलं, रिव्ह्यूतल्या कमेंट कशा बंद केल्या हे सगळं बिनधास्त सांगता येतं. त्याच्या नोंदी आठवड्याच्या आठवड्याला लिहीत जा, कंपनीचा डेटा त्यात न घालता.