पैसे कापले, पण ऑर्डर ‘अयशस्वी’: माझा अनुभव

माझ्या ऑनलाइन दुकानासाठी पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन माझ्या खात्यात पोचवणारी सेवा, पहिल्यांदा निवडताना मी फक्त शेकडा किती कापतात तेवढंच पाहिलं. चूक तिथेच झाली. २ टक्के आणि वर प्रत्येक व्यवहारामागे ३ रुपयांचा ठरावीक आकार असेल, तर १००० च्या ऑर्डरवर २३ जातात, पण ५० च्या ऑर्डरवर ४, म्हणजे तब्बल ८ टक्के! माझ्या बहुतेक ऑर्डरी छोट्याच. दुसऱ्यांदा निवडताना मागच्या महिन्याच्या खऱ्या ऑर्डरी घेऊन प्रत्येक दरपत्रकावर हिशेब केला.

कार्डाचे नंबर स्वतःच्या साइटवर घ्यायचे नाहीत, हेही ठरवलं. ग्राहक गेटवेच्या पानावर पैसे भरतो, त्यामुळे पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षा नियमांचं आपल्यावरचं ओझं बरंच हलकं होतं.

खरा त्रास मात्र वेगळाच होता. ग्राहकाचे पैसे कापले जायचे आणि माझ्याकडे ऑर्डर ‘अयशस्वी’ दिसायची. ब्राउझर माझ्या पानावर परतला, तरच मी ऑर्डर पक्की करत होते. कुणी मध्येच टॅब बंद केला, नेटवर्क गेलं, की ऑर्डर लटकली. लोक घाबरून फोन करायचे, आणि त्यांची भीती रास्तच होती.

उपाय वेबहुकचा. त्यात गेटवेचा सर्व्हर थेट माझ्या सर्व्हरला निरोप देतो. सोबतची गेटवेची डिजिटल सही तपासल्याशिवाय तो निरोप खरा मानायचा नाही. शिवाय तोच निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून व्यवहार क्रमांक आधीच नोंदलेला आहे का, ते बघायचं. हे मी सुरुवातीला केलं नव्हतं; एका ग्राहकाला दोन पार्सलं गेली.

आता रोज सकाळी सेटलमेंटचा, म्हणजे गेटवेने माझ्या खात्यात जमा केलेल्या पैशांचा, अहवाल ऑर्डरींशी ताडून पाहते.