गेममधलं जपानी किनारी गाव: माप, तोरी आणि भरतीची रेघ

जपानी धाटणीचं काल्पनिक कोळीगाव उभारताना सुरुवात मापापासून करा, रंग नंतर. तिथलं जुनं घर शाकूवर बेतलेलं असतं. १ शाकू म्हणजे सुमारे ३०.३ सेंटिमीटर, ६ शाकूंचा १ केन. तातामी चटई ढोबळमानाने १ केन लांब, अर्धा केन रुंद. म्हणून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ग्रिडचं स्केल ०.९१ मीटर ठेवा, स्नॅप (वस्तू ग्रिडच्या रेघांना चिकटवणारी सोय) चालू करा आणि खांब, सरकती दारं, एंगावा म्हणजे त्यांची ओसरी, सगळं त्याच चौकटीत बसवा. आपल्या पडवी-माजघराच्या अंदाजाने खोल्या काढल्या तर चटया कापाव्या लागतात आणि दारांना जागा उरत नाही.

पाण्यातल्या तोरीसाठी, म्हणजे देवस्थानाच्या कमानीवजा प्रवेशद्वारासाठी, मियाजिमा बेटावरच्या इत्सुकुशिमा देवस्थानाची तोरी नमुना धरा. आत्ताची १८७५ सालची, उंची साधारण साडेसोळा मीटर, मुख्य खांब कापराच्या झाडाचे. ती खोल पुरलेली नाही, स्वतःच्या वजनावर उभी आहे. त्यासाठी माथ्यावरच्या पोकळ तुळईत दगड भरलेत आणि प्रत्येक मुख्य खांबाला पुढेमागे एकेक छोटा खांब जोडलाय. म्हणजे पाय सहा. दोनच काढले तर भर पाण्यात ती कशी टिकली, असं बघणाऱ्याला वाटणारच. मुख्य खांब वर जाताना किंचित आत झुकवा. वरची तुळई, म्हणजे कासागी, मध्ये जवळपास सरळ ठेवून टोकांकडे उचला. सगळीच वाकवली की लग्नमंडपाची कमान होते. नुकी, म्हणजे खालची आडवी तुळई, खांबांच्या बाहेर डोकावली पाहिजे.

भरतीची रेघ मात्र कोकणातच शिकावी. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, ओहोटी संपायच्या तासभर आधी जवळच्या जेटीवर जा. खांबाच्या तळाला बुळबुळीत शेवाळ, वर कालवांची धारदार शिंपलं, त्यावर पांढुरक्या बार्नॅकलचा (खांबाला चिकटून राहणारे कवचवाले छोटे जीव) खरखरीत थर, मग काळपट पट्टा आणि शेवटी कोरडा खांब. ढगाळ उजेडात, खांबाला टेप लावून, खालून वर एकाच अंतरावरून फोटो घ्या. प्रत्येक फोटोत आधीचा निम्मा भाग यायला हवा. पाणी फिरलं की निघा.

इथे एक चूक हमखास होते: ही रेघ थेट टेक्सचरवर, म्हणजे खांबावर चढवलेल्या चित्रावर, रंगवली जाते. मग बुटका खांब आणि उंच खांब शेजारी आले की रेघा वरखाली दिसतात, पाणी मात्र समतल. ओल्या-सुक्याचा मास्क, म्हणजे कुठला भाग ओला ते सांगणारा नकाशा, शेडरमध्ये (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारा प्रोग्रॅम) वर्ल्ड पोझिशनच्या, म्हणजे खांबाच्या नव्हे तर अख्ख्या दृश्याच्या मापातल्या, उंचीवरून काढा. ओल्या भागाची रफनेस (खरखरीतपणा; आकडा कमी तितकी चकाकी जास्त) ०.२५ च्या आसपास, कोरड्याची ०.८. ओहोटीत पाणी खाली गेलं तरी ओल काही वेळ वरच राहू द्या, नाहीतर खांब पुसल्यासारखा वाटतो.

माड एकही नको. एक झावळी दिसली की गाव मालवणात येतं. सुरूच्या बनातून वाऱ्याने आलेला झोक तेवढा घ्या, पानं नाही: सुरूची लोंबतात, जपानी काळ्या पाइनची आडव्या झुबक्यांत बसतात. जांभ्याऐवजी करडा दगड, लाल कौलांऐवजी करडी नागमोडी कावारा, म्हणजे जपानी कौलं.

आवाज इथलेच चालतील. जपानातल्या बऱ्याच भागात त्सुयूचा, म्हणजे तिथल्या पावसाळ्याचा, पाऊस जूनमध्येच लागतो, तेव्हा मिरगाची सर कौलाखाली रेकॉर्ड करा, पत्र्याखाली नको. कोकिळेचा आवाज आलेला तुकडा कापून टाका.