‘जमलं नाही’ हे इंग्रजीत सांगताना या चुका टाळा

‘काल जमलं नाही’ एवढं म्हटलं की मराठीत काम भागतं. वेळ मिळाला नाही, प्रयत्न फसला, परवानगी नव्हती की मुळात ते करताच येत नाही, हे ऐकणारा प्रसंगावरून ओळखतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते लोक यातला बराचसा खुलासा क्रियापदातच करून टाकतात. म्हणून लंडनच्या किंवा शिकागोच्या सहकाऱ्याला पाठवलेलं व्याकरणशुद्ध वाक्यही कधी कबुलीजबाबासारखं वाटतं, तर कधी कारण लपवल्यासारखं. आधी व्याकरणाच्या चुका उरकून घेऊ. खरी अडचण त्यांच्या पुढे सुरू होते.

कॅन आणि एबल एकत्र नकोत

सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक म्हणजे ‘आय कान्ट एबल टू कम’ किंवा ‘आय कुडन्ट एबल टू कम’. कॅन आणि एबल दोन्ही एकच काम करतात, त्यामुळे एका वाक्यात एकच हवा. कॅन किंवा कुड घेतलं तर पुढे थेट मूळ क्रियापद येतं, मध्ये टू येत नाही: ‘आय कुडन्ट कम’. भूतकाळ कुडमध्येच आलेला असतो, म्हणून ‘कुडन्ट केम’, ‘कुडन्ट वेन्ट’ चूक. एबल हे विशेषण आहे. त्याच्या आधी ॲम, वॉज, बी, बीन अशांपैकी एखादं रूप लागतंच आणि नंतर टू व मूळ क्रियापद: ‘आय वॉजन्ट एबल टू कम’. ‘डिडन्ट एबल टू’मध्ये नेमकं ते रूपच गायब असतं. अनेबललाही हाच नियम. ‘अनेबल टू अंडरस्टँडिंग’ नव्हे, ‘अनेबल टू अंडरस्टँड’.

कुडच्या स्पेलिंगमधला एल मुळीच उच्चारायचा नाही. तो वुड आणि शुड यांच्या स्पेलिंगची नक्कल म्हणून नंतर घुसला. मुळात या शब्दात एल नव्हताच.

‘येट’ आलं की कुडन्ट चालत नाही

ऑफिसच्या मेलमध्ये हे वाक्य सर्रास दिसतं: ‘आय कुड नॉट रीच द क्लायंट येट’. ‘अजून संपर्क झालेला नाही’ असं म्हणायचं असतं, म्हणजे प्रयत्न चालू आहेत. कुडन्ट मात्र संपलेल्या वेळेबद्दल बोलतं: काल, सकाळी, त्या बैठकीत. आजपर्यंत चालत आलेल्या गोष्टीसाठी ‘आय हॅवन्ट बीन एबल टू रीच द क्लायंट येट’ असंच म्हणावं लागतं. याचं कारण साधं आहे. कॅनला कॅन आणि कुड ही दोनच रूपं आहेत. हॅवनंतर, विलनंतर किंवा टूनंतर बसेल असं रूपच त्याला नाही, म्हणून त्या सगळ्या जागा ‘बी एबल टू’ भरून काढतं.

भविष्यकाळाचंही तसंच. ‘ऑपरेशननंतर दोन आठवडे गाडी चालवता येणार नाही’ हे ‘यू वोन्ट बी एबल टू ड्राइव्ह फॉर टू वीक्स’ असं होतं. उद्याच्या कार्यक्रमाला येणं जमणार नाही, हे आत्ताच ठरलेलं असेल तर ‘आय कान्ट कम टुमारो’ बरोबर आहे. ‘आय कुडन्ट कम टुमारो’ म्हटलं तर ऐकणारा पुढच्या ‘जर’ची वाट पाहत बसतो.

‘कुडन्ट हॅव’पासून तर जपूनच राहा. ‘आय कुडन्ट हॅव कम’ म्हणजे ‘येऊ शकलो नाही’ एवढंच नव्हे. ‘काहीही केलं असतं तरी येणं शक्य नव्हतं’ असा तो अर्थ. आणि ‘आय कुडन्ट हॅव डन इट विदाउट यू’ हे तर यशस्वी झालेल्या कामाबद्दलचे आभार आहेत. त्यावर ‘अरेरे’ म्हणू नका.

नकारात जुळतं, होकारात फसतं

‘आय कुडन्ट कॅच द ट्रेन’ आणि ‘आय वॉजन्ट एबल टू कॅच द ट्रेन’ यांत अर्थाचा फरक नाही. बोलताना पहिलं जास्त ऐकू येतं. पण गाडी मिळाली हे सांगताना ‘येस्टरडे आय कुड कॅच द लास्ट ट्रेन’ म्हटलं तर चुकतं. होकारार्थी कुड अंगी असलेली सवयीची क्षमता सांगतं: ‘लहानपणी मला तासभर पोहता यायचं’. एकदाच घडलेल्या गोष्टीसाठी ‘वॉज एबल टू कॅच’, ‘मॅनेज्ड टू कॅच’ किंवा सरळ ‘कॉट’ हवं. दिसणं, ऐकू येणं, वास येणं याला हा नियम लागत नाही. ‘आय कुड हिअर देम’ एका प्रसंगाबद्दलही चालतं.

का जमलं नाही, त्यावरून क्रियापद

कुडन्ट तटस्थ आहे. त्यापलीकडे काही सांगायचं असेल तर शब्द बदलतो. खटपट केली आणि यश आलं नाही, तर ‘डिडन्ट मॅनेज टू’. संधीच मिळाली नाही, तर ‘डिडन्ट गेट टू’. रायगडावर गेलात, पण अंधार पडल्यानं जगदीश्वराच्या मंदिरापर्यंत जाता आलं नाही, तर ‘वी डिडन्ट गेट टू सी द टेम्पल’. यात थोडी हळहळही येते. इतर कामांत मागे पडलं, तर ब्रिटनमध्ये ‘डिडन्ट गेट राउंड टू’ आणि अमेरिकेत ‘डिडन्ट गेट अराउंड टू’. इथे टूनंतर मूळ क्रियापद न येता आयएनजीचं रूप येतं: ‘आय डिडन्ट गेट राउंड टू कॉलिंग हिम’. यात आपण फोन करायचा राहू दिला, अशी कबुली असते. वरिष्ठांना लिहिताना ती द्यायची आहे का, हे आधी ठरवा.

‘फेल्ड टू’ सगळ्यात जास्त नुकसान करतं. रजेच्या अर्जात ‘आय फेल्ड टू अटेंड द ट्रेनिंग’ लिहिणाऱ्याला वाटतं की हा कुडन्टचाच जरा सुसंस्कृत पर्याय. नोटिशींत आणि करारांत मात्र हा शब्द कर्तव्य न बजावणाऱ्यासाठी येतो: अमुक व्यक्तीनं मुदतीत रक्कम भरली नाही, वगैरे. तुम्ही स्वतःवरच ठपका ठेवता. अर्जात ‘आय वॉज अनेबल टू अटेंड’ लिहा आणि त्याच वाक्यात ड्यू टू लावून कारण द्या. बोलताना मात्र अनेबल ताठर वाटतो. तिथे ‘आय कुडन्ट मेक इट’ पुरेसं. परवानगी नसेल तर ‘आय वॉजन्ट अलाउड टू’ असं स्पष्ट म्हणा, नाहीतर दोष तुमच्या क्षमतेवर जातो.

कौशल्याबद्दल बोलताना ‘आय डोन्ट नो स्विमिंग’ किंवा ‘आय डोन्ट नो टू कुक’ म्हणतात. ‘आय कान्ट स्विम’ म्हणा, किंवा हाउ न विसरता ‘आय डोन्ट नो हाउ टू कुक’. फोनवर ‘आय ॲम नॉट हिअरिंग यू’ नको; ‘आय कान्ट हिअर यू’.

‘आय कान्ट हेल्प लाफिंग’मध्ये मदतीचा काही संबंध नाही, हसू आवरत नाही एवढाच अर्थ.

गाडी, प्रिंटर, दार

‘द कार इज नॉट एबल टू स्टार्ट’ विचित्र वाटतं, कारण एबल बहुधा माणसांना किंवा स्वतःहून काम करणाऱ्या गोष्टींना लावतात. अडून बसलेल्या वस्तूसाठी इंग्रजीत वोन्ट येतं: ‘द कार वोन्ट स्टार्ट’. हे भविष्य नाही, आत्ताची तक्रार आहे. भूतकाळात वुडन्ट: ‘द कार वुडन्ट स्टार्ट धिस मॉर्निंग’. स्वतःला कर्ता ठेवायचं असेल तर ‘आय कान्ट गेट द प्रिंटर टू वर्क’. गेट, मग वस्तू, मग टू आणि क्रियापद. हा क्रम पाठ करण्यासारखा आहे, दुरुस्तीच्या बहुतेक तक्रारी त्यात बसतात.

मदत मागताना नुसतं ‘ॲप इज नॉट वर्किंग’ लिहिलं तर पहिलं उत्तर हमखास प्रश्नच असतं. काय करून पाहिलं आणि काय घडलं, दोन्ही एका वाक्यात द्या: ‘आय हॅव ट्राइड रीस्टार्टिंग इट, बट इट स्टिल वोन्ट ओपन’. ट्रायनंतर आयएनजी, कारण तो उपाय करून पाहिलेला आहे.

‘कॅन’ म्हणालात की ‘कान्ट’?

इथे लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवणारेही अडकतात. होकारार्थी कॅनवर इंग्रजी मातृभाषक सहसा जोर देत नाहीत. तो ‘कन्’ असा, जवळजवळ गिळलेला येतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर पडतो. नकारात स्वर पूर्ण आणि ठळक. दक्षिण इंग्लंडमध्ये तो ‘कान्ट’ असा लांब होतो, त्यामुळे गोंधळ कमी. अमेरिकेत स्वर ‘कॅ’च राहतो आणि शेवटचा ट बहुधा फुटतच नाही. म्हणून अमेरिकन माणूस ट शोधत बसत नाही. स्वर ठळक होता की गिळलेला, यावरून तो ठरवतो. आपण मराठी वळणानं ‘आय कॅन कम’मधला प्रत्येक शब्द सारखाच ठसठशीत उच्चारतो आणि त्याला नकार ऐकू येतो.

सरावासाठी ‘आय कन् कम ऑन मंडे’ आणि ‘आय कॅन्ट कम ऑन मंडे’ ही जोडी मोबाइलवर रेकॉर्ड करा. पहिल्यात जोर ‘कम’वर, दुसऱ्यात ‘कॅन्ट’ आणि ‘कम’ दोन्हींवर. ‘येस, आय कॅन’ अशा छोट्या उत्तरात कॅन शेवटी येतो, तिथे तो पूर्णच उच्चारायचा. मुलाखतीची किंवा विमानतळावर भेटण्याची वेळ ठरत असेल तर धोका पत्करू नका: ‘आय वोन्ट बी एबल टू कम ऑन मंडे’ म्हणा आणि लगेच जमणारा वार सांगा.