दोन सारख्या इलेक्ट्रिक गिटारींमधून एक निवडताना
आधी तारांची जाडी बघा. एकीवर 9चा आणि दुसरीवर 10चा संच (आकडा म्हणजे सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) असेल, तर बोटांना जाणवणारा फरक गिटारचा नसून तारांचाच असू शकतो. दोन्ही सुरात लावून अँपशिवाय (ध्वनिवर्धकाशिवाय) वाजवा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर ऐका (फ्रेट म्हणजे नेकवर, गिटारच्या लांब दांडीवर, बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या). एकाच ठिकाणी स्वर झणझणून लगेच विझला, तर बहुधा पुढचा फ्रेट उचललेला असतो. मग एकाच अँपवर, क्लीन (न फाटलेल्या, साफ) आवाजात ऐका. पातळी मात्र सारखी ठेवा, कारण जोरात वाजणारी गिटार उगाच सरस वाटते. नुसता पिकअप (तारांचं कंपन टिपणारा चुंबकी भाग) तारांजवळ असला तरी तसं होतं. तारांची उंची, पिकअप नंतर बदलता येतात, नेकची जाडी आणि गोलाई नाही. म्हणून दहा मिनिटं सलग बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरायचा स्वरमेळ) धरा. अंगठ्याच्या मुळाशी ताण आला, तर ती गिटार सोडा.