माळेगावच्या जत्रेचे जोडफोटो

नांदेडला माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट, लग्नं, बारशी, हेच रोजचं. पाच वर्षांपूर्वी रद्दीच्या ढिगाऱ्यात एक जाड पुठ्ठा हाती लागला. लांबी ७ इंच, उंची साडेतीन, अंगाला जरासा बाक, आणि त्यावर शेजारी शेजारी एकाच रहाटपाळण्याचे दोन फोटो. रद्दीवाला म्हणाला, "एकच फोटो दोनदा छापलाय, चुकीचा माल हाय. वीस रुपये द्या."

माल चुकीचा नव्हता. तो १८९३ सालच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातला फेरिसचा पाळणा होता. उंची २६४ फूट, डबे ३६, एकेका डब्यात ६० माणसं. आपल्या जत्रांतल्या सगळ्या लोखंडी पाळण्यांचा हा आजा.

अशा कार्डाला मी जोडफोटो म्हणतो. त्यातले दोन फोटो दिसायला सारखे असले तरी एक नसतात. डावा डाव्या डोळ्याच्या जागेवरून काढलेला असतो, उजवा उजव्या. डोळ्यांमधलं अंतर सुमारे साडेसहा सेंटिमीटर. प्रत्येक डोळ्याला त्याचाच फोटो दाखवला की मेंदू दोन्ही जुळवून खोली उभी करतो. व्हीटस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये हे आरशांच्या यंत्राने दाखवलं. ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाचं भिंगांचं यंत्र १८५१ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात मांडलं गेलं आणि व्हिक्टोरिया राणीला आवडलं. मग काय, प्रदर्शन आलं की जोडफोटो आलेच. आपल्याकडे जत्रेतल्या जागांचा लिलाव होतो, तसा तिकडे फोटोंचा मक्ता निघायचा. १८६२ ला लंडनच्या प्रदर्शनाचा मक्ता लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनीकडे होता, १८९३ ला शिकागोच्या जोडफोटोंचा किलबर्न या अमेरिकी फोटोवाल्याकडे. मी असे फोटो आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला, खंडोबाच्या जत्रेतल्या घोड्यांच्या बाजारात काढतो; तिथे मला अजून कुणी अडवलेलं नाही.

आधी बघायला शिका. अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयांनी अशी हजारो कार्डं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. एक उघडा, मोबाइल आडवा धरा, पूर्ण कार्ड पडद्यावर बसवा. साध्या मोबाइलवर दोन फोटोंच्या मध्यांतलं अंतर सहा सेंटिमीटरच्या आत राहतं, ते बरंच. टीव्हीएवढ्या पडद्यावर हा प्रयोग करू नका, डोळे तेवढे बाहेरच्या बाजूला फाकत नाहीत. मोबाइल नाकाला टेकवा, लांब डोंगर बघतोय अशी नजर ढिली सोडा आणि हळूहळू मागे न्या. दोनाचे तीन फोटो दिसतील. मधला खोल होतो. पहिल्या दिवशी जमत नाही. मला आठ दिवस लागले, बायकोला दोन मिनिटं.

कायमची सोय हवी तर यंत्र करा. चष्म्याच्या दुकानात जाऊन अधिक ५ नंबरच्या दोन न कापलेल्या काचा मागा. गोल, ६५ ते ७० मिलिमीटरच्या मिळतात. बुटाच्या खोक्याच्या एका बाजूला त्या अशा बसवा की दोन्हींच्या मध्यांत ७६ मिलिमीटर अंतर राहील. डोळे नाकाकडच्या भागातून बघतील, ते तसंच हवं. काचांपासून २० सेंटिमीटरवर कार्ड उभं करा आणि मधे पुठ्ठ्याचा पडदा घाला, म्हणजे या डोळ्याचा फोटो त्या डोळ्याला दिसणार नाही.

आता फोटो. मोबाइल उभा धरा, पडद्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा. वजन डाव्या पायावर, एक फोटो. मोबाइल न फिरवता वजन उजव्या पायावर, दुसरा. एवढंच. पण किती सरकायचं? सगळ्यात जवळच्या वस्तूचं जे अंतर, त्याचा तिसावा भाग. घोडा दोन मीटरवर असेल तर साडेसहा सेंटिमीटर, पाळण्याच्या अलीकडे दहा मीटरपर्यंत काहीच नसेल तर फूटभर.

पण मोकळ्या मैदानापलीकडचा पाळणा मी तरी काढत नाही. शिकागोची कार्डं भिंग लावून बघताना एक गोष्ट ध्यानात आली: चांगल्या कार्डात अगदी पुढे काहीतरी असतंच. कठडा, दिव्याचा खांब, टोपीवाला माणूस. त्याच्यामागे पाणी, त्याच्यामागे पांढरे महाल. (महाल कसले, प्लास्टर आणि ताग. पुढच्याच वर्षी बरेचसे जळाले.) खोली लांबच्या इमारतीत नसते, पुढच्या खांबात असते. म्हणून मी घोंगड्यांच्या दुकानाचा बांबू पुढे घेतो, मधे उंट, मागे पाळणा.

हलणारी माणसं हा खरा ताप. किलबर्नच्या कॅमेऱ्याला दोन भिंगं, दोन्ही एकदमच उघडायची. आपल्या दोन फोटोंत दोन सेकंद जातात, तेवढ्यात पोरगं डावीकडून उजवीकडे पोचतं आणि भुतासारखं चमकतं. तेव्हा सकाळी लवकर जा, पाळणा थांबलेला असताना.

घरी आल्यावर दोन्ही फोटो चौकोनी कापा. खांबाचं टोक दोन्हीकडे एकाच उंचीवर हवं, मिलिमीटर चुकला तरी डोकं धरतं. चार बाय सहाच्या प्रिंटवर तीन-तीन इंचांचे चौकोन शेजारी बसवा, म्हणजे मध्यांत आपोआप ७६ मिलिमीटर येतात. कापून साडेतीन बाय सातच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. डावा डावीकडेच. माझं पहिलं कार्ड उलटं झालं तेव्हा तंबू पुढे आला आणि घोडा त्याच्यापलीकडे, पोट आत गेलेला.

गेल्या जत्रेत मी एका घोडेवाल्यासमोर डुलत होतो. "काय करायलाव ओ? एकच फोटो दोनदा?" दुसऱ्या दिवशी कार्ड आणि खोकं घेऊन गेलो. त्याने बराच वेळ डोळे लावले. मग त्याच्या शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाने खोकं ओढून घेतलं आणि म्हणाला, "मागचा पाय आत वळतोय की ह्याचा." घोडेवाल्याने कार्ड काढून खिशात घातलं आणि मला म्हणाला, "सौदा होईस्तोवर ह्ये माझ्यापाशीच ऱ्हाऊ द्या."