जुन्या वीजघराचा इतिहास कसा शोधायचा

बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकला आलेला पाहुणा घटप्रभा नदीचा धबधबा बघतो, झुलत्या पुलावर फोटो काढतो, करदंट मिठाई बांधून घेतो आणि परततो. खाली दरीतल्या वीजघराकडं कोण बघतंय! मी जन्मभर वायरमनचं काम केलं, त्यामुळं माझी नजर आधी वीजघरात पाणी नेणाऱ्या पाइपावर जाते.

गणेशोत्सवाच्या अंकात मी ठोकून दिलं होतं : ‘आशियातली पहिली पाणवीज गोकाकची, १८८७.’ सगळे तसंच सांगतात. अंक चाळता चाळता भाची म्हणाली, “मामा, त्या साली दिवा पेटला होता, का नुसती गिरणी फिरली होती?” मी गप्प. तुम्ही सुरुवात याच प्रश्नानं करा. पाण्याच्या जोरानं थेट यंत्र फिरवणं निराळं आणि जनित्र फिरवून तारेतनं वीज नेणं निराळं. धबधब्याजवळच्या सूतगिरणीच्या कंपनीचं जुनं नावच बघा : गोकाक वॉटर पॉवर अँड मॅन्युफॅक्चरिंग. वॉटर पॉवर, इलेक्ट्रिक नव्हे. देशातलं पहिलं जलविद्युत केंद्र म्हणून सहसा दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंगचं नाव घेतात, ते १८९७ चं. कावेरीवरचं शिवनसमुद्र १९०२ चं. म्हणून साल लिहाल तिथं काय सुरू झालं तेही लिहा.

मग जागा वेगळ्या करा. गावात विचाराल तर घटप्रभेवरचं सगळंच ‘धरण’. पण धुपदाळचा बंधारा कालव्यासाठी बांधलेला. वरच्या अंगाला हुक्केरी तालुक्यातलं हिडकल धरण स्वातंत्र्यानंतरचं. एकाची गोष्ट दुसऱ्याला चिकटली की सगळाच घोळ.

कागद शोधायचे तर १९५६ ही सीमा धरा. त्याआधी आपण मुंबई इलाख्यात, म्हणजे जुनी दप्तरं मुंबईत, नंतरची बेंगळुरात. बेळगाव जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८४ चं, कंपनी त्यानंतर वर्षभरानं आली. म्हणजे त्यात गिरणी सापडणार नाही, गिरणीआधीचा धबधबा सापडेल, आणि तेच कामाचं. कन्नड आकडे मात्र शिकून घ्या, दोन दिवसांत येतात. नाहीतर कोनशिलेपुढं उभं राहून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायची पाळी येते.

आता हिशेब, माझ्या आवडीचा. पाण्याची उंची मीटरमध्ये, गुणिले सेकंदाला किती घनमीटर पाणी, गुणिले ९.८, उत्तर किलोवॅटमध्ये. गोकाकची उंची सुमारे ५२ मीटर. सेकंदाला एक घनमीटर पाणी धरलं तर ५१० च्या आसपास येतं. यंत्रांतली घट वजा जाता ४०० हातात राहिले तरी पुष्कळ. कुणी मोठा आकडा सांगितला की विचारा, एवढं पाणी कुठल्या महिन्यात?

म्हणून दोनदा जा. श्रावणात गढूळ लोट बघा आणि वैशाखात उघडा पडलेला खडक. जुना कामगार भेटला तर चहा पाजा आणि विचारा, उन्हाळ्यात पाळी किती दिवस बंद असायची. वीजघरात उतरायला परवानगी लागते. नाही मिळाली तर पुलावरनं पाइप नीट दिसतात, दुर्बीण न्या.